वाय-फायला पासवर्ड आहे, मग व्हायरस आणि घुसखोरांची भीती संपली का?

आपण लिहिले आहे की वाय-फायचा पासवर्ड बदलला, नेटवर्कचे नाव लपवले आणि घरातल्या उपकरणांच्या मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख क्रमांकांची, यादीही राउटरमध्ये भरली. आता आणखी काही करायला हवे का? हवे, आणि केलेल्यातल्या शेवटच्या दोन गोष्टींवर तर मुळीच विसंबू नये. लपवलेले नाव आपला फोन जोडणी करताना स्वतःच उघड करतो आणि मॅक पत्ता एन्क्रिप्ट न होताच, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलताच, प्रसारित होत असल्यामुळे तो कोणालाही टिपता येतो व आपल्या उपकरणाला लावता येतो.

खरे संरक्षण एन्क्रिप्शनचे असते. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत 2001 मध्येच कुचकामी ठरली. म्हणून सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए3 निवडावे, आणि एखादे जुने उपकरण त्याला जोडले जात नसेल तर डब्ल्यूपीए2. मात्र डब्ल्यूपीए2 मध्ये एक उणीव आहे. एखादे उपकरण जोडले जाताना होणारी देवाणघेवाण टिपून घेतली की घुसखोर आपल्या संगणकावर सावकाश, राउटरला पत्ताही लागू न देता, लाखो पासवर्ड पडताळून पाहू शकतो. त्यामुळे तिथे पासवर्डची लांबी निर्णायक ठरते. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून केलेला पासवर्ड मी चिन्हांनी भरलेल्या आठ अक्षरी पासवर्डपेक्षा केव्हाही पसंत करतो, कारण तो फोडायला कठीण असतो आणि घरच्यांच्या लक्षातही राहतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय, मात्र बंदच करावी. तिचा आठ अंकी पिन राउटर दोन भागांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरूनच ठरतो, त्यामुळे कोट्यवधी शक्यता उरण्याऐवजी जेमतेम 11,000 उरतात. ही त्रुटी 2011 मध्ये उघड झाली.

आता व्हायरसबद्दल, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. व्हायरस बहुधा वाय-फायचा पासवर्ड फोडून येत नाही. तो ईमेलमधल्या फाइलबरोबर किंवा फसव्या डाउनलोडमधून आपल्याच संगणकावर उतरतो, नाहीतर इंटरनेटच्या बाजूने थेट राउटरवर किंवा कॅमेऱ्यावर चाल करतो. 2016 मधल्या मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेली युजरनेम आणि पासवर्ड वापरून पाहून. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा ॲडमिन पासवर्ड वेगळा, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा दुसरा पासवर्ड ज्याच्या हाती लागतो, तो राउटरमधला डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा) पत्ता बदलून घरातल्या प्रत्येक उपकरणाला खोट्या संकेतस्थळाकडे वळवू शकतो, आणि संगणकावरच्या अँटिव्हायरसला त्याचा सुगावा लागेलच असे नाही. म्हणून ॲडमिन पासवर्ड आजच बदलावा, बाहेरून राउटर हाताळण्याची म्हणजे रिमोट मॅनेजमेंटची सोय बंद ठेवावी, गरज नसेल तर यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये बाहेरून येण्याची वाट आपोआप उघडू देणारी सोय) हेही बंद करावे आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरमधले सॉफ्टवेअर, आपोआप अद्ययावत होण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. ज्या राउटरसाठी कंपनीने फर्मवेअर देणे थांबवले आहे, तो उत्तम चालत असला तरी बदलावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाहुण्यांचे फोन, कॅमेरे आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या वेगळ्या वाय-फायवर, ठेवावेत, म्हणजे त्यांतले एखादे बाधित झाले तरी आपल्या संगणकापर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते. कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड तरीही बदलावाच लागतो.

राउटरमध्ये कोणी शिरल्याचा संशय आला, तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. आधी राउटर फॅक्टरी रीसेट करावा, मग बाधित नसलेल्या संगणकावरून नवे फर्मवेअर घालावे आणि त्यानंतरच ॲडमिनचा व वाय-फायचा असे दोन्ही पासवर्ड नव्याने ठरवावेत.