लग्नाआधी सांगायचं का?

"मुलीकडच्यांना हिमोफिलियाचं सांगायचं का? आणि कधी?" तीव्र हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, असलेल्या तिशीतल्या मुलांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांकडून, हा प्रश्न मी सतत ऐकते. अशा अनेकांच्या बैठकांमधून मी इथे एक नितीन उभा केला आहे.

नितीन 29 वर्षांचा, पतसंस्थेत हिशेब पाहणारा. रक्त गोठवणारं प्रथिन, फॅक्टर आठ, नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा कमी; रक्तस्राव झाला की तेच शिरेतून टोचून घ्यावं लागतं. उजवा गुडघा आखडलेला, पूर्ण सरळ होत नाही. कामावर "पाय मुरगळतो अधूनमधून" एवढंच सांगून ठेवलेलं.

"मला कोण मुलगी देणार?" हे तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. अशा वेळी धीर द्यायचा मोह होतो, तो मी आवरते. छळणारं वाक्य खरं आहे का, हे त्या माणसाबरोबर बसून तपासावं, या मताची मी आहे. म्हणून लग्न बाजूला ठेवून मी गुडघ्याकडे वळले.

"सांध्यात मुंग्या यायला लागल्या, आत गरम वाटलं, की फॅक्टर घेईपर्यंत किती वेळ जातो?"

"घरी असलो तर अर्धा तास. आई लगेच फ्रिजमधून काढते."

"कामावर असलात तर?"

"संध्याकाळी घरी गेल्यावर."

"मधेच का निघत नाही?"

"निघालो तर कारण सांगावं लागेल ना..."

इथे तो थांबला. बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे मी लपवतो त्याचे पैसे हा गुडघा भरतोय."

हे वाक्य त्याला स्वतःला सापडलं, याचं मला मोल वाटतं. मी सांगितलं असतं तर तो उपदेश ठरला असता. आणि ते वैद्यकीयदृष्ट्याही खरं आहे: सांध्यात साचलेल्या रक्तातल्या लोहामुळे आतलं अस्तर सुजतं, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि तोच सांधा पुन्हा पुन्हा रक्ताळतो. मुंग्या येताच फॅक्टर घेतलं तर हे चक्र बरंच रोखता येतं. दर किलो वजनाला एक युनिट दिलं की फॅक्टर आठची पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. नितीनच्या 60 किलोंना 1200 युनिट म्हणजे 40 टक्के. पण 8 ते 12 तासांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून पुढचा डोस डॉक्टरांना विचारून ठेवावा.

तेव्हा सांगण्याचा सराव आम्ही लग्नापासून नाही, कामापासून सुरू केला. साहेबांना आणि शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याला. खिशात एक कार्ड: आजाराचा प्रकार, डोस, इनहिबिटर (टोचलेलं फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) आहे की नाही, रुग्णालयाचा फोन, खाली ठळक अक्षरांत "अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. स्नायूत इंजेक्शन नको. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे; प्रमाणपत्र काढलेलं असेल तर साहेबांशी बोलताना बळ येतं.

आता लग्न. पत्रिका जुळवताना फोनवर सांगू नये, साखरपुडा झाल्यावर तर नाहीच. दुसऱ्या भेटीत, दोघंच असताना, मुलाने स्वतः सांगावं. मध्यस्थाने सांगितलं की आजार मोठा होतो. काय होतं, काय घ्यावं लागतं, खर्च कोण करतं आणि मुलांचं काय, एवढं सांगावं. शक्य असेल तर तिला रक्तविकारतज्ज्ञांकडे सोबत न्यावं. रक्तस्राव टाळणारी, एमिसिझुमॅबसारखी त्वचेखाली, आठवड्याने किंवा अगदी चार आठवड्यांनीही घ्यायची औषधं आता आहेत, हे तिने डॉक्टरांकडून ऐकलेलं बरं.

मुलांबद्दल नितीनच्या मनात भलताच समज होता. मामा याच आजाराने गेलेले, म्हणून आपला मुलगाही तसाच जन्मेल, असं त्याने धरून चाललेलं. त्याच्या आईला शेजारी बसवूनच मी समजावलं: बापाकडून मुलाला वाय गुणसूत्र जातं आणि दोष असतो एक्सवर, जे मुलाला आईकडून मिळतं. बायको वाहक (हा दोष बाळगणारी, पण सहसा स्वतः आजारी नसलेली) नसेल तर नितीनच्या मुलग्यांना हिमोफिलिया होणार नाही. मुली मात्र सगळ्या वाहक असतील.

आई रडली. आपल्यामुळे झालं, हे ओझं त्या इतकी वर्षं बोलल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी एक वेगळी बैठक ठेवली.

पहिल्या स्थळाने नकार दिला. नितीन दोन दिवस गप्प होता, पण कामावर गेला आणि त्याच आठवड्यात मुंग्या आल्या तेव्हा दुपारीच निघून फॅक्टर घेतलं. दुसऱ्या स्थळाच्या मुलीने विचारलं, "मुलगी झाली तर तिला त्रास होईल का?" उत्तर त्याच्याकडे तयार होतं: काही वाहक मुलींचंही फॅक्टर कमी असतं, म्हणून तिची पातळी लहानपणीच मोजायची, आणि दात काढणं, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाआधी डॉक्टरांना ती आठवणीने सांगायची.