ड्यूक ३९० चं इंजिन लावलेल्या फॉर्म्युला कारला २० मिमी रिस्ट्रिक्टरसह इनटेक कसा बनवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कॉलेजच्या गाडीला ३७३ सीसीचं ड्यूकचं इंजिन बसवलंय, मूळ एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) चौकटीत मावत नाही म्हणून एक लिटरचा प्लेनम (इंजिनाआधी हवा साठवणारा डबा) बनवलात, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारा गळा) लावलात, आणि आता ६००० आरपीएमच्या पुढे गाडी दम सोडते. रिस्ट्रिक्टर कमी पडतोय का, असं तुम्ही विचारलंय.

आधी हिशोब मांडू. मुंबईच्या ३५ अंशांच्या हवेत २० मिमीच्या गळ्यातून सेकंदाला जास्तीत जास्त ७३ ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते. गळ्यात हवेने ध्वनीचा वेग गाठला की त्यापुढे इंजिनाने कितीही ओढली तरी थेंबभर वाढत नाही. तुमचं इंजिन ९००० आरपीएमला सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे ३२ ग्रॅम हवा घेतं. सरासरीने बघितलं तर निम्मीही नाही. पण सिंगल सिलिंडर सरासरीने श्वास घेत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे ७२० अंशांच्या चक्रात इनटेक व्हॉल्व्ह जेमतेम एक-तृतीयांश वेळ उघडा असतो, तेवढ्यात सगळी हवा ओढायची, म्हणजे त्या क्षणी मागणी ३२ च्या तिपटीवर जाते आणि गळा चोक होतो. उरलेला दोन-तृतीयांश वेळ रिस्ट्रिक्टर जवळपास रिकामा बसतो. प्लेनमचं काम एवढंच की त्या मोकळ्या वेळात त्याने भरून घ्यावं. ६०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांना लहान डबा चालतो, कारण त्यांचे झटके एकामागोमाग येतात. तुमच्या इंजिनाला एक लिटर फारच कमी आहे.

३ ते ३.५ लिटर ठेवा. त्याहून मोठा केलात तर पेडल सोडल्यावर इंजिन प्लेनममधली हवा संपेपर्यंत ओढतच राहतं: ३ लिटर म्हणजे ९००० ला दशांश सेकंद, पण ३००० ला त्याच्या तिप्पट. ऑटोक्रॉसच्या (वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या फेरीच्या) वळणांत ड्रायव्हरला हे लगेच जाणवतं.

हवेच्या वाटेवर क्रम असा: आधी थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप), मग रिस्ट्रिक्टर, मग प्लेनम. मूळची ४६ मिमीची थ्रॉटल बॉडी पुढे लावू नका. तिचं क्षेत्रफळ गळ्याच्या पाचपट आहे, त्यामुळे पाव पेडलमध्येच सगळं उघडतं आणि गाडी स्विचसारखी चालते. दीड-दोनशे सीसी बाईकची तिशीच्या आसपासची बॉडी पुरते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी मिळेल, फक्त बटरफ्लायच्या (आतल्या चकतीच्या) शाफ्टला खेळ नाही ना ते हाताने हलवून बघा.

रिस्ट्रिक्टर ॲल्युमिनियमच्या रॉडातून लेथवर टर्न करून घ्या (रॉड किका स्ट्रीटला तुकड्यात मिळतो). गळा १९.९ मिमी ठेवा, कारण तपासणीला गेज घालतात आणि पॉलिश करताना थोडं वाढतंच. आत येणारा उतार प्रत्येक बाजूने १२ ते १४ अंश चालतो. बाहेर पडणारा मात्र ४ ते ६ अंशच. इथे घाई केली तर हवा भिंत सोडते आणि मिळवलेला दाब भोवऱ्यात जातो. २० वरून ४६ मिमीपर्यंत ४ अंशांनी उघडायला १८६ मिमी लांबी लागते, ६ अंशांनी १२४. जागा नसेल तर ६ घ्या, त्यापुढे नको.

रनरची (प्लेनमपासून हेडपर्यंतच्या नळीची) लांबी: सुरुवातीच्या अंदाजाला ध्वनीचा वेग ३५० मीटर आणि लाटेच्या जाण्यायेण्याला क्रँकचे १२० अंश धरा. ८००० ला ते २.५ मिलिसेकंद होतात, म्हणजे व्हॉल्व्हपासून प्लेनमच्या तोंडापर्यंत सुमारे ४४० मिमी. यातून हेडमधला पोर्ट वजा करा. हा अंदाजच आहे, म्हणून पहिला रनर एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा करा, डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) लांबी बदलून बघा आणि मगच पक्का वेल्ड करा. प्लेनममधल्या तोंडाला १० ते १२ मिमी त्रिज्येचा गोल ओठ हवा, समोरची भिंत किमान एक व्यास लांब.

आता ताकद. पेडल सोडल्यावर प्लेनममध्ये बाहेरपेक्षा ६० ते ६५ किलोपास्कल कमी दाब होतो. १५० बाय १५० मिमीच्या सपाट भिंतीवर तो जवळपास दीडशे किलोचा भार. म्हणून सपाट भिंती टाळा, गोल किंवा लंबगोल करा. १.६ मिमी ॲल्युमिनियम टिग वेल्ड उत्तम. ३डी प्रिंट करायचंच तर नायलॉन. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. काही आरपीएमला पेट्रोल उलटं उडून प्लेनमपर्यंत येतं आणि आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळे साधा पॉलिएस्टर रेझिनही नको.

इंजेक्टरचा बॉस (तो बसवायची वेल्ड केलेली बैठक) हेडजवळ, फवारा थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल अशा कोनात. वेल्डिंगने भोक वाकडं होतं, म्हणून ओ-रिंगची जागा वेल्ड झाल्यावर रीमरने फिनिश करा. थ्रॉटल आणि प्लेनमची जागा बदलल्याने मूळ ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) गणित बिघडतं; प्रोग्राम करता येणारा ईसीयू लागेलच.

मॅनिफोल्ड (प्लेनम आणि रनर मिळून) ब्रॅकेट आणि बोल्टने इंजिनालाच धरायचा. होज क्लिप किंवा झिपटायवर टांगलेलं तपासणीत चालत नाही, आणि ते योग्यच आहे. प्लेनम चासीला आणि रनर हेडला असं घट्ट केलंत तर सिंगलच्या थरथरीने वेल्डच्या कडेला चीर पडते. रबरी सांधा फक्त हवा अडवण्यासाठी: नळ्यांच्या टोकांत ३ ते ५ मिमी फट, दोन्ही टोकांना बीड (उंचावलेली कड). फट मोठी राहिली तर सिलिकॉन नळी आत ओढली जाते.

शेवटी गळती. प्लेनम हलक्या दाबाने फुगवून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. मग गाडी आयडलला ठेवून थ्रॉटल बॉडीच्या बाहेरच्या तोंडावर रबर लावलेली प्लायची फळी दाबा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. अडखळत चालू राहिलं, तर हवा कुठून तरी घुसतेय. आधी इंजेक्टरची ओ-रिंग आणि हेडकडचं गॅस्केट बघा.