शिट्टी कुठे वाजवलीस ते आधी लिही

प्रिय बेटा,

तुझी चार पानं मिळाली. दोनदा वाचली. पहिल्यांदा चहा घेताना, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल धरून. शारदोत्सवात समाजमंदिरापुढे पडदा लावून दाखवलेल्या 'आरआरआर' सिनेमावर तू लिहिलंस, आणि घरी आल्या आल्या लिहायला बसलीस हे अक्षरावरूनच कळतं. तुला सिनेमावर लिहायचं आहे याचा मला फार आनंद झाला. समासात मावलं नाही ते इथे सांगतो.

आधी एक वाक्य खोड. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, 'मागे बसलेले अडाणी लोक शिट्ट्या मारत होते.' त्या ताडपत्रीवर तुझे बाबा होते, आजी होती, दिवसभर धान कापून आलेल्या बाया होत्या. आणि खरं सांग, त्यातल्या नायकाने, भीमाने, मोटारसायकल उचलून फेकली तेव्हा तूही ओरडली होतीस ना? मग ते लपवलंस कशाला? सिनेमावर लिहिताना वहीत सगळ्यात आधी हे उतरवायचं: मी शिट्टी कुठे वाजवली, टाळी कुठे दिली, डोळे कुठे पुसले. टीका त्याच्यानंतर. ज्याला काही झालंच नाही त्याने लिहिलेलं परीक्षण मी अर्ध्यात सोडतो.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत मी सोळा सीझन प्रॉम्प्टिंग केलं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या निघतात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी सगळी पंचक्रोशी लोटते, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. वीज कडाडायची असली की विंगेत माझ्या शेजारी टांगलेला पत्रा मीच हलवायचो. पत्रा माझ्या हातात, तो कधी वाजवायचा ते माझ्या वहीत, तरी सून घराबाहेर पडली आणि तो पत्रा वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. विंगेतून समोरच्या पहिल्या दोन रांगा दिसायच्या. शाली लपेटलेल्या बाया, मांडीवर झोपलेली लेकरं. पत्रा वाजला की सगळ्या एकदम डोक्यावरचा पदर सावरायच्या, पाऊस आल्यासारखा. सिनेमावर लिहिणाऱ्याला पत्राही दिसला पाहिजे आणि तो पदरही.

आता 'शोले'तल्या टाकीचं बघ. तो सिनेमा तू पाहिलास. ठाकूरच्या घरात वीज नाही, रात्री राधा एकेक कंदील विझवत फिरते. आणि त्याच रामगढमध्ये वीरू चढतो ती पाण्याची उंच टाकी आहे. विजेशिवाय ती भरते कशी? हा विनोद माझ्या तरुणपणापासून चालत आलेला आहे, तो करायला तुझी गरज नाही. त्याच्यापुढे एक पाऊल टाक. वीज असती तर बटण दाबून काम संपलं असतं. एक दिवा विझतो, मग दुसरा, खाली जय माउथऑर्गन वाजवतोय आणि दोघं एक शब्द बोलत नाहीत, हा सगळा प्रसंग अंधारावर उभा आहे. उलट वीरूला उंची पाहिजे, सगळं गाव खाली मान वर करून जमलं पाहिजे. एकाच गावाकडून दोन गरजा. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पींनी आपल्याकडून थोडा विश्वास उधार घेतला आणि व्याजासकट फेडला. म्हणून 15 ऑगस्ट 1975 ला लागलेल्या सिनेमात टाकी कोणाला खुपली नाही. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला.

किराणा दुकानात उधारीची वही असते ना, तशी एक वही सिनेमासाठी ठेव. प्रत्येक मोठा सिनेमा आपल्याकडून उधार घेतो. माणूस उडेल, गोळी चुकेल, दहा वर्षांनी भाऊ भेटेल, हे सगळं मान असं म्हणतो. आपण मानतो. परीक्षण लिहिणाऱ्याने एवढंच बघायचं की घेतलं किती आणि फेडलं किती. 'लॉजिक घरी ठेवून या' हे वाक्य तू लिहिलंस, ते पूर्ण खोड. ते कोणाचंही असू शकतं. आणि त्यात तू काहीच मोजलेलं नाहीस.

हसवायचं तर आपल्या मापाने मोजून हसव. श्रावणात तुझ्या बाबांची गाडी पांदणीत, शेताच्या वाटेवर फसली होती, आठवतं? चार माणसं लागली, त्यातल्या एकाची चप्पल अजून त्या चिखलात असेल. भीम एका माणसाच्या बळावर मोटारसायकल हवेत फिरवतो तिथे तू लिही की आमच्या पांदणीला हा माणूस आषाढ-श्रावण दोन महिने पाठवा. वाचणारा हसेल, कारण त्याचीही गाडी कुठेतरी फसलेली असते. आणि हसता हसता त्याला हेही कळेल की भीमाच्या अंगातली ताकद बघून आपल्याला एवढं बरं का वाटतं. ज्यांना रोज चिखलातून गाडी ओढावी लागते त्यांना ती ताकद बघायची भूक असते.

पोलिसांवर तू ठोकलेला विनोदही असाच वापरून वापरून गुळगुळीत झालेला आहे. सगळं झाल्यावर शेवटी जीप येते. खरं आहे. पण 'शोले'च्या शेवटी पोलीस का येतात ते शोधलंस का? मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉरला निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं चाललं नाही, म्हणून शेवट बदलून पोलीस आणावे लागले. तो मूळ शेवट जोडून दुरुस्त केलेली प्रत 2025 साली इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे तिथे पोलिसांना पाठवणारा लेखक नव्हता, सरकार होतं. एवढं एक कळलं की जीपवरचा विनोद केवढा धारदार होतो बघ. तू इतकी हुशार पोरगी आहेस, शोधायचा कंटाळा करू नकोस.

आता तुझ्या सिनेमाकडे. वाघाच्या प्रसंगावर तू फक्त 'ग्राफिक्स भारी' लिहिलंस. बेटा, हे चालणार नाही. तू चंद्रपुरातल्या सिंदेवाहीकडची. चैत्रात मोहफुलं वेचायला पहाटे बाया जंगलात जातात तेव्हा घरातला माणूस काय म्हणून निरोप देतो हे तुला माहीत आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत कोणाच्या घरी काय झालं हेही तू पाहिलंस. मुंबईतल्या परीक्षण लिहिणाऱ्याला पडद्यावरच्या वाघाचे केस किती खरे वाटतात एवढंच दिसेल. तुला त्याच्या चालण्यातला फरक कळायला पाहिजे. वाघापुढे माणूस सरळ रेषेत पळत सुटतो यावर हसायचा अधिकार तुझ्याइतका कोणाला आहे? आणि त्याच प्रसंगात शेवटी भीम बेशुद्ध पडलेल्या वाघाची माफी मागतो, माझ्या गरजेसाठी तुला वापरतोय म्हणून. वाघोबाला नारळ फोडणाऱ्या गावात हे बघताना काय वाटतं, ते तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते भीमाच्या नावाबद्दल. तू एका ओळीत 'खऱ्या क्रांतिकारकांवर आधारित' असं लिहून पुढे गेलीस. थांब तिथे. कोमराम भीम हा गोंड माणूस, आणि त्याचा मुलूख आपल्याला लांबचा नाही. राजुऱ्याच्या पलीकडे आसिफाबाद, आज त्या जिल्ह्यालाच त्याचं नाव दिलेलं आहे. त्याची लढाई निजामाच्या राजवटीशी होती, जंगलावरच्या आणि जमिनीवरच्या हक्कासाठी. 1940 साली जोडेघाटला तो मारला गेला. अल्लुरी सीताराम राजू आंध्रच्या रम्पा भागातला, इंग्रजांशी लढला, 1924 मध्येच गेला. हे दोघं कधी भेटल्याची नोंद नाही. दिग्दर्शक राजामौलींनी कल्पनेने त्यांना मित्र केलं आणि तसं उघड सांगितलं. ही उधारी मोठी आहे, पण मैत्री इतकी जिवंत रंगवली की मी ती आनंदाने दिली. भीमाला चाबकाने मारतात आणि तो गुडघे न टेकता गातो, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

शेवट मात्र पुन्हा बघ. राम, म्हणजे सिनेमातला अल्लुरी, विचारतो, तुला काय पाहिजे. भीम म्हणतो, मला आणि माझ्या माणसांना शिकव. आणि राम झेंड्यावर लिहून देतो: जल, जंगल, जमीन. हे तीन शब्द लोक कोमराम भीमाच्याच नावाने ओळखतात! ज्याची घोषणा, त्यालाच ती दुसऱ्याच्या हातून शिकावी लागते. धनुष्य घेतलेला राम शिकवणारा आणि जंगलातला माणूस शिकणारा, अशी ती रांग लागते. इथे मला राग आला आणि अजून आहे. ही उधारी सिनेमाने फेडली नाही. तुझ्या वर्गात गोंड पोरंपोरी आहेत. त्यांच्याबरोबर बसून तो शेवट बघ, त्यांना बोलू दे, तू ऐक. डोळ्यांतलं पाणीही लिही आणि हा रागही लिही. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

'जवान'चं तू जाता जाता नाव घेतलंस, म्हणून थोडं. त्यात ट्रॅक्टरच्या कर्जापायी अपमान होऊन एक शेतकरी जीव देतो, आणि नायक मेट्रोतल्या प्रवाशांना ओलीस धरून शेतकऱ्यांसाठी 40,000 कोटी मिळवतो. पैसे खात्यात जमा होतात, लोक टाळ्या वाजवतात. तुझी मावशी यवतमाळकडे दारव्ह्याला दिली आहे. 2008 ची कर्जमाफी आली तेव्हा काय झालं ते तिला विचार. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्यांना होती. कपाशीच्या कोरडवाहू पट्ट्यात जमीन दोन हेक्टरच्या वर आणि विहिरीला पाणी नाही, असे किती जण त्या रेघेबाहेर राहिले. सावकाराचं कर्ज तर हिशेबातच नव्हतं. पडद्यावर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो तिथे दारव्ह्यातला माणूस टाळी वाजवतो की गप्प बसतो? मला वाटतं आधी वाजवतो, मग गप्प बसतो. पण हा माझा अंदाज झाला, तू विचारून लिही. या मातीवर 'गाभ्रीचा पाऊस' नावाचा सिनेमा 2009 ला आला होता, सतीश मनवरांचा, तोही मिळवून बघ. त्यात कोणी मेट्रो अडवत नाही.

कमाईच्या आकड्यांनी पान भरू नकोस. तिकिटांची एकूण विक्री, कर वजा जाऊन उरलेली रक्कम आणि वितरकाच्या हाती पडलेला वाटा हे तीन वेगळे आकडे असतात, आणि जाहिरातीत नेहमी सगळ्यात मोठा छापतात. एवढं ध्यानात ठेव, बस. एक गंमत मात्र तुझ्यासाठी: सिनेमाच्या धंद्यात आपल्या भागाला अजून 'सीपी-बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणतात. तो प्रांत 1956 ला मोडला, पण वितरकांच्या कागदावर तू आजही तिथेच राहतेस.

कान उघडे ठेव, हे मात्र राहता कामा नये. 'सैराट' लागला तेव्हा मी पोरांबरोबर गेलो होतो. 'झिंगाट'ला पुढच्या रांगा उठून नाचल्या, पडद्यापुढे धूळ उडाली. अजय-अतुलनी त्यातल्या गाण्यांसाठी हॉलिवूडमध्ये जाऊन तिथला मोठा वाद्यवृंद वापरला होता, तो भरलेला आवाज छातीवर आदळायचा. आणि शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. रक्तात पाय भरलेलं लेकरू चालत जातं आणि पडद्यावर काहीही वाजत नाही. आमच्या थिएटरात तेव्हा फक्त पंखे ऐकू येत होते. मग चपला. मघाशी नाचलेली पोरं एकमेकांकडे न बघता जिना उतरली. नाचवलं नसतं तर ती शांतता एवढी जड झाली नसती. परीक्षणात हे लिहायला आवाजाची तांत्रिक भाषा लागत नाही, पंखे ऐकले पाहिजेत.

आता पानं परत पाठवतोय. नव्याने लिही, यातली कोणतीही ओळ तशीच उचलू नकोस, माझीसुद्धा. सुरुवात कुठून करायची ते तूच दुसऱ्या पानावर, कंसात लिहून ठेवलं आहेस: वाघाची माफी मागितली तेव्हा आजीने हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. काय पुटपुटली ते तू लिहिलं नाहीस. तिला विचार. ती सांगेल ते शब्द तिच्याच बोलीत उतरव, एक अक्षर न सुधारता, आणि मंडईच्या आधी मला आणून दाखव.

तुझे सर