अगदी अण्णांसारखीच केस

"मॅडम, ही केस वाचा. गाव तेवढं वेगळं आहे, बाकी आमचे अण्णाच."

ठाण्याला नोकरी करणाऱ्या एका मुलीने माझ्यासमोर चार छापील पानं ठेवली. इंटरनेटवर सापडलेली एका शेतकऱ्याच्या नैराश्याची केस होती. पीक गेलं, कामातून मन उडालं, बोलणं कमी झालं आणि शेवटी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्या शेवटच्या परिच्छेदाखाली तिने पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. "अण्णांचंही असंच होणार का?"

हा प्रश्न मला या ना त्या रूपात सतत विचारला जातो. कुणी स्वतःबद्दल विचारतं, कुणी मुलाबद्दल. वाचलेलं सगळं लागू पडतंय, म्हणजे तोच आजार ना? म्हणून अण्णांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांना ओळखता येईल अशा खुणा बदलल्या आहेत.

अण्णा श्रीवर्धन भागातले, साठी ओलांडलेले. नारळ-सुपारीची वडिलोपार्जित वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्या एका दुपारी त्यांच्या बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. बाहेरच्या माणसाला हे नुकसान पटकन उमगत नाही. भात गेलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येतं. पोफळीचं रोप लावल्यावर सुपारी धरायलाच पाच-सहा वर्षं जातात, आणि या वयात रोप लावताना माणूस मनातल्या मनात स्वतःची वर्षं मोजतोच.

मुलगी आली ती वादळानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर. अण्णा वाडीत पाऊल टाकत नाहीत, रात्री जागे असतात, वाडीचा विषय निघाला की उठून जातात. ऐकताना माझ्याही मनात नैराश्यच आलं. वादळानंतर तशी बरीच माणसं माझ्याकडे येऊन गेली होती, तीच डोळ्यांसमोर होती. मी चुकीच्या वाटेला लागले होते, पण ते तेव्हा कळलं नाही.

त्या दोन रेघांची भीती तशीच ठेवून तिला परत पाठवणं शक्य नव्हतं. अण्णा मरणाची भाषा करतात का? निरवानिरव चालली आहे का? फवारणीची औषधं घरात कुठे असतात? असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. काळजी वाटली तर घरच्यांनीही सरळ विचारावं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मग तिला म्हटलं, "ही पानं उलटी कर. मागच्या कोऱ्या बाजूला, अण्णा या माणसासारखे कुठे नाहीत, तेवढंच लिही."

ती आधी गोंधळली. मग लिहायला लागली ती थांबेना. जेवण व्यवस्थित आहे. नातवाशी पत्ते खेळतात, हरले तर भांडतातसुद्धा. देवळात रोज जातात, पण वाडीकडची पाऊलवाट टाळून हमरस्त्याने वळसा घालून. झोपेपाशी ती अडली. "रोज जागत नाहीत, मॅडम. वारा असला की जागतात."

नैराश्यात मन असं एकाच वाटेवरून उडत नाही. निदान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ उदासी असते किंवा कशातच गोडी वाटत नाही. पत्त्यांत हरल्यावर भांडणारे अण्णा त्यात नीट बसत नव्हते. तरीही हे सगळं मुलीच्या नजरेतून आलेलं होतं, आणि मला अण्णांना ऐकायचं होतं.

इथे मला नेहमी व्हिएन्नातल्या एका मुलाची केस आठवते. पाच वर्षांचा हा मुलगा घोड्यांना भयंकर घाबरायचा. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०९ मध्ये ती प्रसिद्ध केली, 'छोटा हान्स' या नावाने. त्यातली बहुतेक माहिती मुलाच्या वडिलांनी टिपून पाठवलेली होती. फ्रॉइडने त्या भीतीचा अर्थ मुलाच्या आईवडिलांविषयीच्या दडलेल्या भावनांमध्ये शोधला. पण मुलाने स्वतः सांगितलं होतं, की बस ओढणारा घोडा कोसळताना पाहिला तेव्हापासून हे सुरू झालं. १९६० मध्ये वोल्पे आणि रॅकमन या दोन संशोधकांनी तीच केस पुन्हा तपासली आणि त्या कोसळलेल्या घोड्याकडे बोट दाखवलं. कागद तेच होते. मुलाचं वाक्य पहिल्यापासून त्यात होतं.

अण्णा आले. पहिल्या दिवशी हवामान आणि आंब्याचा भाव यापलीकडे बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी बाहेर कुणाच्या तरी पडवीचा पत्रा वाजला आणि त्यांच्या हातातला चहा सांडला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पोफळ मोडताना आधी करकरते, बाई. मग धाडकन. दाराला आडणा लावून मी आत बसलो होतो. नुसत्या आवाजावरून कळत होतं, आता विहिरीकडची गेली, आता वडिलांनी लावलेली गेली."

"तो आवाज अजून येतो?"

"वारा सुटला की येतो."

अलिबागच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून निदान केलं. आघातानंतरचा ताणविकार. घडलेलं पुन्हा पुन्हा अंगावर येणं, त्याची आठवण देणारी जागा टाळणं, सतत सावध राहून दचकणं, आणि हे महिन्याहून जास्त टिकून रोजचं जगणं अडणं. थोडं नैराश्यही होतं, पण मुळाशी तो आवाज होता. गोळ्या सुरू झाल्या. नातेवाईक दोन वर्षं सांगत होते, "जरा वाडीत जात जा, मन रमेल." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण तयारीशिवाय तिथे ढकललेला माणूस घाबरून मागे फिरतो आणि टाळणं आणखी पक्कं होतं. वाडीत तर जायचंच होतं, पण अण्णांच्या चालीने.

आधी ती दुपार त्यांनी माझ्यासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली, मग पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज कमी थरथरला. नंतर बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या फाटकापर्यंत जाऊन, भीती ओसरेस्तोवर तिथेच उभं राहायचं. मग विहिरीपर्यंत. जूनमध्ये एका रात्री जोराचा वारा आला आणि दोन आठवडे ते बेड्याकडेही फिरकले नाहीत. आम्ही पुन्हा बेड्यापासून सुरुवात केली. दिवाळीनंतर एके दिवशी, वारा असताना, त्यांनी नव्या रोपांची आळी केली. रात्री झोप लागली नाही, पण सकाळी पुन्हा गेले.

मुलीने ती चार पानं अजून जपून ठेवली आहेत. छापील बाजू तिने पुन्हा वाचली नाही, असं तिनेच सांगितलं.

हे लिहून झाल्यावर अण्णांना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "एक दुरुस्त करा. आडणा मी एकट्याने धरला नव्हता. ही होती ना माझ्याबरोबर, चार तास. तिचे हात सोलले होते."

जरा थांबून म्हणाले, "ती कशी झोपते, ते कुणी विचारलंच नाही."

मीही विचारलं नव्हतं. काकूंना मंगळवारी बोलावलं आहे.