बीफार्म की फार्मडी, आणि मामा म्हणतो अमेरिकेला ये

बारावीनंतर कुठला कोर्स घ्यायचा हे ठरवायला मी मुलांना आणि पालकांना मदत करते. नीटचा निकाल लागला की पुढचे पंधरावीस दिवस माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. "मॅडम, मेडिकलचं तर काही जमत नाही, मग आता बीफार्म घ्यायचं की फार्मडी, आणि चुकलं तर?" बीफार्म आणि फार्मडी हे दोन्ही फार्मसीचे म्हणजे औषधांच्या शिक्षणाचे कोर्स, पण यातलं ते शेवटचं "चुकलं तर" हेच खरं दुखणं असतं, बाकीचं सगळं तिथपर्यंत पोचायला लागतं म्हणून बोललेलं.

दोनतीन वर्षांपूर्वीची एक केस सांगते. मुलीला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

बाबा आणि मुलगी आले होते. बाबांच्या हातात वही, वहीत स्केलने आखलेले रकाने, कॉलेजचं नाव, मागच्या वर्षीचा कटऑफ, फी, हॉस्टेल आहे की नाही, घरापासून अंतर. खरं सांगते, इतकी नीटनेटकी वही मी क्वचित बघितलीये, माणसाने रात्री जागून केलेलं काम होतं ते. मुलगी शेजारी बसून फोनचं कव्हर नखाने काढत आणि परत बसवत होती. नीटला मार्क कमी पडले होते, महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या ग्रुपमधून दिलेली होती, बारावीला केमिस्ट्री बरी होती.

बाबा म्हणाले, "मॅडम, जास्त वेळ घेत नाही तुमचा, फक्त एवढं सांगा की यातलं पहिलं कुठलं टाकू. हिचा मामा अमेरिकेत आहे, तो म्हणतो बीफार्म करून पाठवा, इकडे एक परीक्षा दिली की फार्मासिस्ट, पुढचं मी बघतो."

मी वही पूर्ण चाळली आणि म्हटलं, "दादा, यात एक रकाना राहिलाय. ही काम कुठे करणार आणि तिथलं लायसन्स कोण देतं?"

ते म्हणाले ते नंतरचं झालं, आधी ॲडमिशन तर होऊ दे. आणि हीच ती जागा जिथे माझं आणि बहुतेक पालकांचं वाजतं. फार्मसी हा असा कोर्स आहे की ज्याचा शेवट कायद्याने बांधलेला आहे. आपल्याकडे १९४८ चा फार्मसी ॲक्ट आहे, त्याखाली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे पीसीआय कोर्सला मान्यता देते आणि राज्याची कौन्सिल तुमचं नाव रजिस्टर करते. नाव रजिस्टर नाही तर काउंटरवर उभं राहून प्रिस्क्रिप्शनवरचं औषध द्यायचा अधिकार नाही. दुसऱ्या देशात गेलात की तिथली कौन्सिल वेगळी, नियम वेगळे. म्हणून फार्मसीचं प्लॅनिंग मी नेहमी उलट्या टोकाने करायला सांगते, आधी शेवटचा कागद कुठला हवाय ते बघा आणि मग मागे मागे येत कॉलेजच्या फॉर्मपर्यंत या.

आता मामाचं. मामा वाईट नव्हता हो, त्याने कधीतरी ऐकलेलं जुनं सांगितलं होतं. अमेरिकेबाहेर शिकलेल्या फार्मासिस्टला तिथे लायसन्स हवं असेल तर आधी एफपीजीईसी नावाचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी एफपीजीईई ही परीक्षा आणि इंग्लिशची टोफेल द्यावी लागते. पण त्या परीक्षेला बसायचीच एक अट आहे, १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर डिग्री मिळालेली असेल तर फार्मसीचा कोर्स किमान ५ वर्षांचा पाहिजे. आपला बीफार्म ४ वर्षांचा. मामाच्या ओळखीतले जे कोणी बीफार्म करून गेले आणि तिथे फार्मासिस्ट झाले ते बहुधा २००३ च्या आधीचे असणार, त्यांचं खरं होतं, हिच्यासाठी ते खरं नव्हतं.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे चार वर्षं वाया?"

वाया कशाला जातील, मी म्हटलं, बीफार्म करून अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला जाता येतंच, बरेच जण जातात, औषध कंपन्यांत रिसर्चमध्ये काम करतात, पण तो रस्ता काउंटरवरच्या किंवा हॉस्पिटलमधल्या लायसन्सवाल्या फार्मासिस्टचा नाही. किंवा मग तिथल्याच कॉलेजात त्यांची ४ वर्षांची फार्मडी करायची. तिथे ॲडमिशनसाठी पूर्वी पीसीएटी नावाची परीक्षा असायची, ती जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली, तरी अजून लोक तिची पुस्तकं घेऊन माझ्याकडे येतात.

यावर बाबा लगेच म्हणाले, "मग फार्मडीच! ठरलं! आणि नावापुढे डॉक्टर पण लागतं ना?"

मला हसू आलं पण हे हसण्यासारखं नाही. अर्धं आयुष्य एका बाजूला ठरवलेलं असतं आणि एका वाक्यावर माणूस दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो, तेवढ्याच खात्रीने. मी त्यांना म्हटलं थांबा जरा. फार्मडी आपल्याकडे २००८ च्या नियमांनी सुरू झालेला ६ वर्षांचा कोर्स आहे, ५ वर्षं शिक्षण आणि १ वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. म्हणजे ५ वर्षांची अट तो पूर्ण करतो, हे बरोबर. पण तो कोर्स आहे पेशंटभोवतीचा, वॉर्डात राउंडला जायचं, पेशंटला कुठकुठली औषधं एकत्र चाललीयेत बघायचं, डोस, साइड इफेक्ट, किडनी कमजोर असेल तर काय कमी करायचं हे डॉक्टरांना सांगायचं. स्वतः निदान करून औषध लिहून द्यायचं नाही. ज्या मुलांना मेडिकल हुकल्याचं दुःख असतं त्यांना नावापुढचं डॉक्टर बघून वाटतं हा मागचा दरवाजा आहे, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ती कडवट होतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी एका मुलाला वीस मिनिटांत "फार्मडी घे, छान आहे" असं सांगून मोकळी झाले होते. मार्क बघितले, इंग्लिश चांगलं, घरची तयारी, सगळं जुळत होतं. दुसऱ्या वर्षात तो कोर्स सोडून आला. त्याला आजारी माणसांच्या जवळ जाणंच सहन होत नव्हतं आणि मी ते विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत उत्तर देत नाही, लोक चिडतात, चिडू देत.

एवढ्या वेळात मुलगी पहिल्यांदा बोलली. "मॅम, माझं मॅथ्स नाहीये, चालेल का?"

बघा, बाबांची वही अमेरिकेपर्यंत गेली होती आणि पोरगी इथे अडकली होती. महाराष्ट्रात बीफार्मला पीसीबी चालतं, पीसीएम म्हणजे बायोच्या जागी मॅथ्स असलं तरी चालतं. आणि पहिल्या सेमिस्टरला ज्यांचं बारावीला गणित नव्हतं त्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं, ज्यांचं बायो नव्हतं त्यांना रेमेडियल बायोलॉजी. म्हणजे तुझ्यासारखी अर्धा वर्ग मुलं असणार, हे ऐकल्यावर तिने कव्हर फोनला नीट बसवलं आणि ठेवून दिला.

मग मी तिला विचारलं, फार्मासिस्ट दिवसभर काय करतो सांग.

"औषधं देतो."

अजून?

शांतता. तिची चूक नाही यात, नव्वद टक्के मुलांना (हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे) एवढंच माहीत असतं, कारण आपल्याला दिसतो तो फक्त मेडिकल स्टोअरवाला. मी तिला दहा दिवस दिले आणि तीन माणसांना भेटायला सांगितलं, एक दुकानातला फार्मासिस्ट, एक हॉस्पिटलमधला, एक औषध कंपनीतला. प्रश्न तीनच. काल सकाळपासून काय काय केलं, कशाचा कंटाळा येतो, आणि कुठल्या चुकीची भीती वाटते. पगार विचारू नको म्हटलं, तो बाबा विचारतीलच.

बाबांनाही काम दिलं, नाहीतर त्यांनी त्या दहा दिवसांत अजून एक वही केली असती. वहीतल्या प्रत्येक कॉलेजपुढे दोन गोष्टी लिहून आणा. एक, पीसीआयच्या वेबसाइटवर त्या कॉलेजची *त्या कोर्सची* मान्यता आहे का, कारण बीफार्मची मान्यता आहे म्हणजे फार्मडीची आपोआप होत नाही. दोन, फार्मडी असेल तर हॉस्पिटल कुठलं. नियमात किमान ३०० बेडचं हॉस्पिटल लागतं, स्वतःचं किंवा करार केलेलं, पण कागदावरचं सोडा, गेटवर उभं राहून चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना विचारा की वॉर्डात आठवड्यातून किती दिवस खरंच जाता. ही मुलं खोटं बोलत नाहीत, उलट तुम्हाला थांबवून सांगतात.

दहा दिवसांनी आले. बाबांच्या वहीतली चार कॉलेजं कट झालेली होती, एकापुढे लाल पेनाने फक्त "करार आहे, मुलं जात नाहीत" असं लिहिलेलं. मुलगी मात्र वेगळीच होती. हॉस्पिटलमधल्या ताईंबद्दल ती आदराने बोलली, दुकानातल्या काकांनी सारख्या नावाची औषधं शेजारी शेजारी ठेवायची नाहीत हे दाखवलं ते पण सांगितलं, पण कंपनीतल्या माणसाशी फक्त फोनवर बोलणं झालं होतं आणि तरी ती त्याच्यावर पंधरा मिनिटं बोलत होती. गोळी किती वेळात विरघळते हे बघायला ते लोक ती एका भांड्यातल्या द्रावणात टाकतात, ३७ डिग्रीला, शरीराचं टेंपरेचर म्हणून, आणि ठरलेल्या मिनिटांनी त्यातला नमुना काढून औषध किती उतरलं ते मोजतात. "मॅम म्हणजे सेम औषध, सेम वजन, पण नीट बनवली नाही तर विरघळतच नाही!"

बाबा म्हणाले, मग अमेरिकेचं?

ती म्हणाली, "मला मामाकडे जायचंय असं मी कधी म्हटलं?"

"मग बोलायचं ना."

"तुम्ही कॉलेजं विचारत होतात बाबा."

इथे मी काही बोलले नाही, चहा मागवला. पुढचं मग पटकन झालं. बीफार्म, पहिल्या पसंतीला अशी कॉलेजं जिथे गोळ्यांचं मशीन धूळ खात पडलेलं नाही (हे पण बघायला जाता येतं, नुसतं विचारा की दाखवतात), मग बाकीची उतरत्या क्रमाने. कॅप राउंडचा, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरताना मिळेल का हे न बघता हवंय का या क्रमाने भरायचा, हे मला प्रत्येक घरात सांगावं लागतं, कारण वर मोठं कॉलेज टाकलं की खालचं हातचं जातं असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. पण न आवडणारं कॉलेज "असू दे" म्हणून वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं. डोमिसाइल आणि नॉन-क्रिमीलेयरचे कागद तिच्याकडे होते, मागच्याच महिन्यात एका मुलाची चांगली सीट त्या एका कागदापायी गेली होती म्हणून मी दोनदा विचारलं.

डीफार्मचा म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाचा विषय पण निघाला, समजा सीईटीवर काहीच मिळालं नाही तर. लोक त्याला कमी समजतात, मला ते पटत नाही. २ वर्षं आणि ५०० तासांचं ट्रेनिंग, २०२२ च्या नियमांत रजिस्ट्रेशनआधी एक्झिट एक्झामची तरतूद पण केलीये, आणि ते झालं की स्वतःचं मेडिकल स्टोअर टाकता येतं, किंवा बीफार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्याला दुकानच चालवायचंय त्याला चार वर्षं कशाला बसवायचं? हिला दुकान नको होतं म्हणून तो रस्ता मागे ठेवला, बंद नाही केला. नीट परत द्यायची का हे मी तिला एकटीला बाहेर नेऊन विचारलं, ती नाही म्हणाली, आणि नाही म्हणताना तिने फोनशी खेळ केला नाही, मला तेवढं पुरलं.

मामाला फोन बाबांनी केला. तो म्हणे नाराज झाला थोडा.

मधे बरेच दिवस काही खबर नव्हती. मग गेल्या सेमिस्टरला, ती तिसऱ्या वर्षाला गेल्यावर, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, तळहातावर सहासात पांढऱ्या गोळ्या आणि प्रत्येकीचा वरचा भाग बाटलीच्या झाकणासारखा सुटलेला. खाली मेसेज, "मॅम आमच्या बॅचचं कॅपिंग होतंय, सगळ्या गोळ्यांची टोपी उडतेय, सर म्हणाले कारण शोधून आणा." मला यातलं काय कळणार, मी आपला अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचाच मेसेज, ज्या दाण्यांची गोळी दाबतात ते दाणे जरा जास्तच सुकवले होते म्हणून, आता परत करणारे.