बहीण एच-4 वर आहे आणि नवरा मारतो. यू व्हिसाला वीस वर्षं लागत असतील तर अर्ज करून काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय की बहीण न्यू जर्सीत आहे, नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याची बायको म्हणून एच-4 वर, मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी एकदा पोलिस बोलावले होते, आणि आता कोणीतरी यू व्हिसाचं नाव काढून लगेच ‘पण वीस वर्षं लागतात’ असंही सांगितलंय. मी वकील नाही. न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या आसपास अशा बायकांसाठी मराठी-हिंदी दुभाषी म्हणून आठ वर्षं जातेय, त्यामुळे कागद कुठे अडतो हे रोज बघते.

वीस वर्षांची गोष्ट खोटी नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी माणसासाठी हा व्हिसा 2000 सालच्या कायद्याने आला. वर्षाला 10,000 मुख्य अर्जदार, बस. नवरा-बायको, मुलं त्यात मोजत नाहीत. 2010 पासून हा कोटा दरवर्षी संपतो, आणि रांगेतले मुख्य अर्जदारच आता दोन लाखांच्या वर आहेत. भागाकार तुमचा तुम्ही करा. कोटा वाढवायचा तर कायदा बदलावा लागतो, तो अमेरिकन काँग्रेसने. तिथे या बायकांच्या नावाने मतं मिळत नाहीत.

तरी अर्ज करा. व्हिसा कधी मिळेल ते न बघता अर्ज करा, असं म्हणते मी.

जून 2021 पासून एक मधली पायरी आलीये, तिला सगळे बीएफडी (बोनाफाइड डिटर्मिनेशन, म्हणजे अर्ज खरा असल्याची प्राथमिक खात्री) म्हणतात. अर्ज प्रामाणिक आहे, बोटांचे ठसे तपासले, काही आक्षेपार्ह निघालं नाही, की साधारणपणे चार वर्षांचं वर्क परमिट आणि ‘डिफर्ड अ‍ॅक्शन’ मिळते. म्हणजे देशाबाहेर काढायची कारवाई तूर्तास बाजूला. हेही चार-सहा महिन्यांत होत नाही, काही वर्षं जातात. पण वीस नाही. शिवाय रांगेतली जागा अर्ज पोचल्याच्या तारखेवरून ठरते, आणि मुलाचं वयही त्याच तारखेला धरतात. तेव्हा 21 च्या आत असलेला मुलगा पुढे तिशीचा झाला तरी आईच्या अर्जातून बाहेर पडत नाही. अर्जाला, म्हणजे आय-918 ला, फी नाही.

खरी अडचण रांगेच्या आधीच येते. अर्जासोबत सप्लिमेंट बी नावाचा फॉर्म लागतो. त्यावर पोलिस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांच्यापैकी कोणीतरी सही करायची, की या बाईवर अमुक गुन्हा घडला आणि तिने तपासाला मदत केली. नवऱ्याला शिक्षा व्हायला हवी असं नाही, अटकसुद्धा लागत नाही. पण केंद्राच्या कायद्यात सही करायची सक्ती कुणावरच नाही.

एका बाईंचं सांगते. पोलिस दारात आले, बाईंना इंग्रजी बोलता येईना, तर दुभाष्याचं काम कोणी केलं? नवऱ्याने! ‘शी इज अपसेट, मदर इज सिक इन इंडिया.’ रिपोर्टमध्ये दोन ओळी : तोंडी वाद, इजा नाही. बाईंच्या मनगटावर उलथन्याचा चटका होता, तो पूर्ण बाह्यांच्या कुडत्याखाली. त्या रिपोर्टवर त्या टाउनच्या पोलिसांनी सही नाकारली. पुढे बाई इमर्जन्सीत जाऊन आल्या होत्या तिथले कागद आणि फॅमिली कोर्टातल्या रिस्ट्रेनिंग ऑर्डरची (नवऱ्याने जवळ येऊ नये या आदेशाची) सुनावणी, यांच्या जोरावर न्यायाधीशांनी सही केली. आम्ही जिंकल्यासारखं चहा-बिहा प्यायलो. आणि मग तो कागद वकिलाच्या ऑफिसात एका फायलीत पडून राहिला. सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला पाहिजे, तो पोचला नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या दिवसापासून मी सहीची तारीख माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते, वकील कितीही मोठा असो.

म्हणून ताईंना आधी विचारा, त्या दिवशी पोलिसांशी कोण बोललं? त्या स्वतः बोलल्या नसतील तर परत जाऊन, दुभाषी मागून, जबाब देता येतो. दुभाषी मागायला लाजू नये.

आता एक गोष्ट, जी खरं तर मी आधी सांगायला हवी होती. एच-4 वरच्या पीडित बायकोला यू व्हिसाशिवाय एक वेगळं वर्क परमिट मागता येतं, फॉर्म आय-765व्ही. त्याला कोटा नाही आणि पोलिसांची सही लागत नाही. दोन वर्षांचं मिळतं. लग्न टिकून असताना किंवा छळामुळे घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. त्याने स्टेटस मिळत नाही, फक्त काम करता येतं, आणि घटस्फोट झाला की एच-4 संपतोच. त्यामुळे घटस्फोटाचा अर्ज आणि इमिग्रेशनचे कागद यांचा क्रम वकिलाला विचारूनच ठरवा. नवरा ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक असता तर ‘व्हावा’ (VAWA) या बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली तिला स्वतःच अर्ज करता आला असता, आणि त्या अर्जाला असा कोटाही नाही. एच-1बी वाल्याच्या बायकोला तो रस्ता बंद आहे. अन्याय आहे, पण आहे.

‘मी तुझी तक्रार करून तुला परत पाठवीन’ ही धमकी प्रत्येक नवरा देतो. या अर्जांची माहिती त्याला देणं इमिग्रेशन खात्याला कायद्याने मना आहे, आणि नुसत्या त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही.

मात्र पूर्वी अर्ज पडून असला की धरपकडीतून बरीच सूट मिळायची, तसा 2021 चा नियम होता. जानेवारी 2025 मध्ये तो मागे घेतला. त्यामुळे ‘अर्ज केलाय, आता निर्धास्त’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. अर्ज टाकून भारतात येणंही तसंच धोक्याचं. स्टेटस संपून बराच काळ गेला असेल तर बाहेर पडल्याक्षणी तीन किंवा दहा वर्षांची बंदी लागू शकते. वडील आयसीयूत असताना मिरजेला न जाता व्हॉट्सअ‍ॅपवर बघत बसलेली बाई मी पाहिलीये.

पुण्यात सासरच्यांवर केस केली असेल तर ती तिकडची, यू व्हिसाला ती चालत नाही. इथे गुन्हा अमेरिकेत घडलेला किंवा अमेरिकेचा कायदा मोडणारा लागतो. आणि ‘दुकानात दरोडा पडला असं दाखवू, पैसे द्या’ म्हणणारे एजंट भेटतील. मॅसॅच्युसेट्स आणि शिकागोत अशा बनावट दरोड्यांवर फेडरल खटले झालेत, आपलेच देशी लोक त्यात होते. त्यांच्यामुळे खऱ्या बायकांचे अर्जही संशयाने बघितले जातात, याचा मला फार राग येतो.

न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था 1985 पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, न्यूयॉर्कला ‘सखी’ आहे. ताईंना तिथे फोन करायला सांगा, पण नवऱ्याच्या फॅमिली प्लॅनवरच्या फोनवरून नको, त्याचं बिल त्याच्याकडे जातं. पासपोर्ट, आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), लग्नाचा दाखला यांचे फोटो तुमच्याकडे मागवून ठेवा. आणि पोलिस कुठल्या टाउनचे आले होते ते इथे कमेंटमध्ये नका लिहू, मला मेसेज करा. रिपोर्टची प्रत कशी मागायची ते सांगते.