पंचविशीतले ताट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

आजोबांना बाजेवरून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो, असे लिहून ‘म्हातारपणाला उपाय काय’ हे तू विचारलेस. उपाय आहे, पण त्याची सुरुवात तुझ्या वयात व्हावी लागते. हाडांची घनता तिशीच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्यानंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के घटत जातात. म्हणून पंचविशीत शरीरात जे साठेल, त्याच्याच बळावर सत्तरीत चालावे लागते.

मला सर्वांत जास्त खटकते ते तुरीचे. आपण तूर पिकवतो, पोती बाजार समितीत नेतो आणि घरच्या ताटात मात्र वाटीचा तळ दिसेल इतके पातळ वरण वाढतो. हिशेब करून पाहा: निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २० ग्रॅम असते, तेव्हा पदरात साडेचार ग्रॅमही पडत नाहीत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात, परंतु त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि तुरीत ते भरपूर असते. भाकर आणि वरण एकमेकांची उणीव अशी भरून काढतात, मात्र वरण घट्ट हवे. त्याच्या जोडीला जवसाची चटणी असू दे. जवस अख्खे खाल्ले तर पुष्कळसे न पचताच जाते, म्हणून ते कुटूनच घ्यावे.

तुमच्या घरी अंडी-मांस वर्ज्य असेल, तर दूध-दही सोडू नकोस. त्यांतून मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, आणि घरचे लोक त्याला वयाचा दोष समजून गप्प बसतात. याचे मला फार वाईट वाटते, कारण रक्ताच्या साध्या तपासणीने ते कळते.

आजोबांसाठीही वेळ गेलेली नाही. उतारवयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात, म्हणून वृद्धांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. आणि रोज सकाळी त्यांना भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीवरून दहा वेळा उठायला-बसायला लाव, तू स्वतः जवळ उभा राहून.

तुझा,
गुरुजी